परिपूर्णतेचा हव्यास आणि पूर्णत्वाची वाट



डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने केलेली एक आज्ञा वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात धडकी भरते. आपला स्वर्गीय पिता जसा परिपूर्ण आहे तसे आपणही परिपूर्ण व्हावे, असे तो सांगतो (मत्तय ५:४८). हे वाचून काहीजण मनातल्या मनात हात टेकतात. 'हे संतांचे काम, आपले नव्हे,' असे म्हणून ते पुढचे पान उलटतात. काहीजण मात्र ही आज्ञा अक्षरशः उरावर घेतात. आपले घर, आपला संसार, आपली मुले, आपली प्रार्थना यांत कुठेही डाग राहता कामा नये, असा त्यांचा अट्टहास असतो. पहिला प्रकार आळसाचा आहे आणि त्याविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकले आहे. दुसऱ्या प्रकाराविषयी फारसे बोलले जात नाही, कारण तो वरवर पाहता सद्गुणासारखा दिसतो.

आपल्या आजूबाजूला ही माणसे आहेत. मुलीला दहावीला ब्याण्णव टक्के मिळाले तर 'उरलेले आठ कुठे गेले?' असे विचारणारे वडील आहेत. सणाच्या दिवशी पाहुणे जेवत असताना भाजीत मीठ किंचित जास्त पडले म्हणून संध्याकाळपर्यंत कष्टी राहणारी गृहिणी आहे. एक सूर चुकला म्हणून पुढच्या रविवारी गायकवृंदात उभे राहायला नकार देणारा तरुण आहे. पापनिवेदन करून बाहेर पडताच 'एक गोष्ट सांगायची राहिली' या विचाराने कासावीस होणारी आजी आहे. आणि 'मी लायक नाही' असे म्हणत वर्षानुवर्षे मिस्साला मागच्या बाकावर बसणारा, पण पवित्र कम्युनियनसाठी कधीच पुढे न येणारा मनुष्यही आहे. त्याच्या हातून गंभीर पाप घडलेले नसते. केवळ आपण पुरेसे चांगले नाही, एवढीच त्याची खंत असते.

प्रश्न असा आहे की हा हव्यास म्हणजे पावित्र्याची ओढ आहे की पावित्र्याच्या वाटेतला अडसर? हा प्रश्न केवळ स्वभावाचा नाही, तो श्रद्धेचा आहे. देवाला शोधतो आहोत असे समजून मनुष्य देवापासूनच दूर जाऊ शकतो, आणि हे फार मोठे नुकसान आहे.

प्रभू येशूच्या शब्दांचा अर्थ

आधी त्या वचनाकडेच वळू या. शुभवर्तमान ज्या ग्रीक भाषेत लिहिले गेले तिच्यात येथे 'तेलेइओस' हा शब्द आहे. तो 'तेलोस' म्हणजे ध्येय, शेवट, मुक्काम या शब्दापासून आला आहे. ज्यासाठी एखादी गोष्ट निर्माण झाली तिथवर ती पोहोचली, पिकली, प्रौढ झाली, हा त्याचा गाभा आहे. आरशासारखे निष्कलंक, एकही चूक नसलेले, असा अर्थ आपण आपल्या मनाने त्याला चिकटवतो.

शिवाय हे वचन कुठे येते तेही पाहावे. त्याच्या आधीच्या ओळींत प्रभू शत्रूंवर प्रेम करायला सांगतो. आपला पिता सूर्य उगवताना भले-बुरे पाहत नाही, पाऊस पाडताना नीतिमान आणि अनीतिमान असा भेद करत नाही, याची तो आठवण देतो. म्हणजे पित्याची परिपूर्णता कशात आहे? त्याच्या प्रेमाला कुंपण नाही, यात. संत लूकने हीच शिकवण नोंदवताना परिपूर्णतेच्या जागी दयाळूपणाचा शब्द वापरला आहे (लूक ६:३६). दोन्ही वचने शेजारी ठेवली की शंका उरत नाही. प्रभू आपल्याकडे बिनचूकपणा मागत नाही, तो विशाल अंतःकरण मागतो. गंमत अशी की बिनचूकपणाच्या मागे लागलेला मनुष्य नेमका इथेच कमी पडतो. तो स्वतःला क्षमा करत नाही, आणि मग इतरांनाही करू शकत नाही.

मानरेसा येथील काळे दिवस

येशू संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे जीवन या बाबतीत विचार करण्याजोगे आहे. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यावर लढताना तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले आणि त्यात ते मरणाच्या दारापर्यंत गेले. पाय बरा झाला, पण गुडघ्याखाली हाडाचा एक उंचवटा राहिला. त्या काळी सरदार मंडळी घट्ट, रुबाबदार बूट घालत. या उंचवट्यामुळे तसे बूट शोभणार नव्हते. म्हणून इग्नेशियस यांनी ते हाड कापून काढायला लावले. भूल देण्याचे औषध त्या काळी नव्हते. केवळ दिसण्यात उणे राहू नये म्हणून हा मनुष्य जिवंतपणी हाड कापून घ्यायला तयार झाला!

त्याच आजारपणात ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र वाचून त्यांचे मन पालटले. मार्च १५२२ मध्ये त्यांनी मोंसेरात येथील मठात आपली तलवार पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवली. तेथे त्यांनी आयुष्यभराच्या पापांचे निवेदन केले, तेही लिहून काढून, तीन दिवस घेऊन. नंतर ते जवळच्या मानरेसा गावी राहिले. मन पालटले होते, पण स्वभाव अजून तोच होता. पूर्वी पायावरचा उंचवटा खपत नव्हता, आता आत्म्यावरचा खपेना.

लिहून केलेल्या त्या निवेदनात काहीतरी राहून गेले असेल, ही शंका त्यांना पोखरू लागली. ते पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला जात आणि पुन्हा पुन्हा अस्वस्थ होत. अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांगावे, बाकी नाही, असे त्यांच्या पापनिवेदक धर्मगुरूंनी सांगून पाहिले. पण इग्नेशियस यांना सगळेच स्पष्ट वाटत होते! रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करूनही शांती मिळेना. खोलीत एक मोठे भगदाड होते. त्यातून स्वतःला झोकून द्यावे असा विचार त्यांच्या मनात येऊ लागला. देवाने सुटका करेपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही असे ठरवून त्यांनी एका रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत कडकडीत उपवास केला. शेवटी धर्मगुरूंनी तो मोडण्याची आज्ञा केली. त्यांनी आज्ञा पाळली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झाले.

मग एके दिवशी, जणू झोपेतून जाग यावी तसे, त्यांच्या ध्यानात आले की हा छळ देवाकडून येत नाही. देवाचा आत्मा पापाची जाणीव करून देतो, पण तो मनुष्याला आशेकडे नेतो. ही शंका मात्र त्यांना भगदाडाकडे नेत होती. यापुढे जुन्या पापांचे पुन्हा निवेदन करायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि त्या दिवसापासून ते मोकळे झाले. पुढे वयाच्या साठीत हे सारे त्यांनी आपल्या एका सहकारी धर्मगुरूला स्वतः सांगितले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

ख्रिस्तसभेत या रोगाला जुने नाव आहे. लॅटिन भाषेत त्याला 'स्क्रुपुलुस' म्हणतात, म्हणजे टोकदार बारीक खडा. चपलेत खडा गेला की चालणारा रस्ता विसरतो, त्याचे सारे लक्ष तळपायाकडे लागते. अतिसंशयी विवेकबुद्धीचे तसेच होते. तिला समोरचा शेजारी दिसत नाही, समोरचा ख्रिस्तही दिसत नाही. तिला फक्त स्वतःचा पाय दिसतो.

दोष कुठे आहे?

या हव्यासाच्या मुळाशी काय असते? दोन गोष्टी असतात, आणि त्या एकमेकींच्या बहिणी आहेत. एक भीती आणि दुसरी सूक्ष्म अहंता.

भीतीचे चित्र प्रभू येशूने रुपयांच्या दाखल्यात रेखाटले आहे (मत्तय २५). तिसऱ्या नोकराने चोरी केली नाही की उधळपट्टी केली नाही. मिळालेले धन त्याने जमिनीत पुरले आणि जसेच्या तसे परत आणून दिले. हिशेबात एक पैचीही चूक नाही! तरीही तोच दोषी ठरला. का? कारण धनी कठोर आहे असे त्याने गृहीत धरले होते. चूक होऊ नये म्हणून त्याने काहीच केले नाही. ज्याच्या मनात देव हा केवळ चुका शोधणारा तपासनीस असतो, तो मनुष्य आपले देणे पुरून ठेवतो. सूर चुकेल म्हणून गात नाही, शब्द चुकेल म्हणून धर्मशिक्षणाचा वर्ग घेत नाही, अपमान होईल म्हणून भावाकडे समेटाला जात नाही.

अहंतेचे चित्र आपल्याला परुशी आणि जकातदार यांच्या दाखल्यात दिसते (लूक १८). परुश्याची उपवासांची आणि दशांशाची यादी खोटी नव्हती. पण त्या यादीत देवाला करण्यासारखे काही उरलेच नव्हते. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या तपस्व्याची शिकवण पसरली की मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप राहू शकतो. संत ऑगस्टीन यांनी तिला कडाडून विरोध केला आणि इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने ती नाकारली. पुढे ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५४७ मध्ये स्पष्ट केले की देवाच्या खास वरदानावाचून कोणीही मनुष्य आयुष्यभर सर्व क्षुल्लक पापेसुद्धा टाळू शकत नाही. असे वरदान पवित्र मरियेला लाभले, असे ख्रिस्तसभा मानते. तेव्हा आपल्या हातून लहानसहान चुका होतात याचे दुःख जरूर करावे, पण आश्चर्य का करावे? 'माझ्या हातून असे घडलेच कसे?' या प्रश्नात पुष्कळदा पापाचे दुःख कमी आणि आपल्या प्रतिमेला तडा गेल्याचे दुःख अधिक असते.

जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात हे फार मार्मिकपणे मांडले आहे. रागावल्याबद्दल स्वतःवर रागावणारा मनुष्य एका रागाचे दोन राग करतो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. चुकलेल्या मुलाला शहाणा बाप जसा शांतपणे आणि मायेने समजावतो, तसे आपण आपल्या हृदयाला समजवावे, असा त्यांचा सल्ला आहे.

मग सगळेच चालते का?

इथे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे: 'फादर, हे ऐकून लोक सैल पडणार नाहीत का? आधीच पापाची चाड उरलेली नाही, त्यात तुम्ही चुकांची भीती घालवायला निघालात!'

शंका योग्य आहे. तिचे उत्तरही संत इग्नेशियस यांनीच देऊन ठेवले आहे. आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात ते सांगतात की सैतान आधी प्रत्येकाची विवेकबुद्धी पारखतो. ती बोथट असेल तर तो तिला आणखी बोथट करतो, जेणेकरून मोठे पापही काहीच वाटू नये. ती नाजूक असेल तर तो तिला आणखी नाजूक करतो, जेणेकरून जिथे पाप नाही तिथेही पाप दिसावे. म्हणून प्रत्येकाने त्याच्या उलट दिशेला जावे. बोथट मनाने धार लावावी आणि अतिनाजूक मनाने थोडे घट्ट व्हावे. म्हणजे औषध एक नाही, दोन आहेत. जो कामगारांची मजुरी बुडवतो, भावाच्या जमिनीवर डोळा ठेवतो, पत्नीवर हात उगारतो आणि शांत झोपतो, त्याने हा लेख वाचून समाधान मानू नये. त्याला परिपूर्णतेच्या हव्यासाचा आजार नाही. त्याला आधी पापाची जाणीव हवी आहे.

त्याच पुस्तकात एक साधे उदाहरण आहे. चालता चालता एखाद्याचा पाय गवताच्या दोन काड्यांवर पडतो. त्या काड्या नेमक्या क्रूसाच्या आकारात पडलेल्या असतात. 'मी क्रूस तुडवला, मी पाप केले' असे तो ठरवतो. संत सांगतात, हा निव्वळ चुकीचा निर्णय आहे, कारण पापासाठी जाणीव आणि संमती लागते. काड्यांवर पाय पडणे आणि काड्यांवर पाय देणे यांतला फरक ज्याला कळला, त्याला अर्धी शांती मिळाली म्हणून समजावे.

एक जुना इतिहास

हा हव्यास एखाद्या व्यक्तीपुरता राहिला तर एकाचे नुकसान होते. तो संपूर्ण समाजात शिरला तर काय होते हे सतराव्या शतकात फ्रान्समध्ये दिसले. कॉर्नेलियस यान्सेन या बिशपांच्या विचारांवरून निघालेल्या पंथाने देवाच्या कठोरतेवर इतका भर दिला की पवित्र कम्युनियन हे जणू निष्कलंकांचे बक्षीस ठरले. १६४३ मध्ये आन्तवान आर्नो यांनी वारंवार कम्युनियन घेण्याविषयी लिहिलेला ग्रंथ गाजला. त्याच्या प्रभावाने भाविक कम्युनियनपासून दूर राहू लागले, आणि दूर राहणे हेच भक्तीचे लक्षण मानले जाऊ लागले. यान्सेनच्या मतांचा पोपमहोदयांनी निषेध केला, पण ती थंडी युरोपच्या हाडांत दोनशे वर्षे राहिली.

ती घालवली संत पोप दहावे पायस यांनी. २० डिसेंबर १९०५ च्या आज्ञापत्राने त्यांनी सांगितले की जो गंभीर पापापासून मुक्त आहे आणि ज्याचा हेतू शुद्ध आहे, त्याला वारंवार, अगदी रोजसुद्धा, कम्युनियन घेता येईल. क्षुल्लक पापे आड येत नाहीत. १९१० मध्ये त्यांनी समजत्या वयातील, म्हणजे साधारण सात वर्षांच्या, मुलांसाठीही हे दार उघडले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ सालच्या आपल्या प्रेषितीय बोधपत्रात हाच धागा पुढे नेला. ख्रिस्तप्रसाद हे परिपूर्ण लोकांचे पारितोषिक नसून दुबळ्यांसाठी औषध आणि अन्न आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. मागच्या बाकावरील आपल्या त्या बांधवाला हे कोणीतरी सांगायला हवे. मिस्साबलिदानात कम्युनियन घेण्याआधी धर्मगुरूंसह आपण सारेच आपली अपात्रता कबूल करतो आणि ती कबूल करूनच पुढे जातो. अपात्रता हे दूर राहण्याचे कारण असते, तर धर्मगुरूंनाही वेदीवर उभे राहता आले नसते. आणि मन गंभीर पापाने खरोखर जड असेल, तर त्यासाठी पापनिवेदनाचे दार उघडे आहेच.

दोन बहिणी

बालयेशूची संत तेरेजा आपल्याला गुलाबपुष्पांसह चित्रांत दिसते. म्हणून तिचे बालपण गुलाबासारखेच गेले असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आई वारली तेव्हा ती अवघी चार वर्षांची होती. १८८५ मध्ये, बाराव्या वर्षी, तिलाही संशयाच्या या आजाराने ग्रासले आणि तो सुमारे दीड वर्ष टिकला. साधासाधा विचारही तिला पाप वाटे. मोठी बहीण मरी हिला ती सारे सांगे आणि रडे. मरी मठात गेल्यावर सांगायला कोणी उरले नाही. तेव्हा बालपणीच देवाघरी गेलेल्या आपल्या चार भावंडांना तिने साकडे घातले आणि तिच्या मनाला शांती मिळाली.

या अनुभवातून तिची 'लहान वाट' निघाली. पूर्णत्वाचा जिना चढण्याइतकी मी मोठी नाही, हे तिने मान्य केले. श्रीमंतांच्या घरांत त्या काळी नव्याने आलेली लिफ्ट तिने पाहिली होती. येशूचे बाहू हीच आपली लिफ्ट, असे तिने मानले. त्यासाठी मोठे होण्याची गरज नव्हती, उलट लहान राहण्याची होती. मठात प्रार्थनेच्या वेळी तिला झोप लागे. याचा तिने बाऊ केला नाही. आईबापांना जागे मूल आवडते तसे झोपलेले मूलही आवडते, असे तिने लिहून ठेवले आहे. ३० सप्टेंबर १८९७ रोजी चोविसाव्या वर्षी ती मरण पावली. १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले आणि १९ ऑक्टोबर १९९७ रोजी संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची महापंडिता घोषित केले. प्रार्थनेत डुलक्या घेणारी मुलगी महापंडिता होते, हा देवाच्या घरचा हिशेब आहे.

पण या लेखासाठी तिची दुसरी बहीण लिओनी अधिक मोलाची आहे. पाच बहिणींत ती सर्वांत मागे पडलेली होती. प्रकृती नाजूक, अभ्यास कठीण, स्वभाव हट्टी. धर्मभगिनी होण्याची तिची इच्छा होती. १८८६ मध्ये ती एका मठात गेली आणि थोड्याच दिवसांत परत आली. १८८७ मध्ये दुसऱ्या मठात गेली, तिथूनही परतली. १८९३ मध्ये पुन्हा गेली, दोन वर्षांनी पुन्हा परतली. आपल्याकडे अशी मुलगी तीनदा परत आली असती तर लोकांनी काय काय म्हटले असते, याची कल्पना करावी. १८९९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ती चौथ्यांदा गेली आणि १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिली. २०१५ मध्ये तिच्याही धन्यवादित पदाची प्रक्रिया सुरू झाली. लिओनीचे मोठेपण बिनचूकपणात नाही. परत आल्यावर तिने दार कायमचे बंद करून घेतले नाही, यात ते आहे.

पेत्र आणि यहूदा यांच्यातही फरक एवढाच होता. एकाच रात्री दोघांनी प्रभूला दगा दिला. दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदा आपली चूक घेऊन एकटाच अंधारात गेला. पेत्र मात्र रडला आणि इतर शिष्यांमध्ये राहिला. प्रभू सरोवराच्या काठी दिसताच त्याने पाण्यात उडी मारली. प्रभूनेही त्याला 'तू असे का केलेस?' असे विचारले नाही, 'माझ्यावर प्रीती करतोस का?' एवढेच विचारले.

शील कसे घडते?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. हे खरे आहे, पण दगडाच्या हातात टाकी नसते. शील घडवणारा देव आहे, आपण त्याच्या हाताखाली स्थिर राहायचे आहे. संत पौलने रोमकरांस लिहिताना एक क्रम सांगितला आहे: संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा (रोम ५). त्या साखळीत बिनचूकपणाला कुठेच जागा नाही. शेतकरी बी पेरतो, रात्री झोपतो, आणि ते कसे उगवते हे त्याला कळतही नाही, असे प्रभूने सांगितले आहे (मार्क ४). रोप वाढले की नाही हे पाहण्यासाठी जो रोज मुळे उपटून बघतो, त्याच्या वाडीत काहीच वाढत नाही.

तरी आपल्याकडून काहीच करायचे नाही, असे नाही. काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, रोज रात्री पाच मिनिटे आत्मपरीक्षण करावे, पण संत इग्नेशियस यांनी दिलेल्या क्रमानेच. प्रथम दिवसाबद्दल देवाचे आभार, मग प्रकाशासाठी याचना, मग दिवसाचा आढावा, मग क्षमायाचना आणि शेवटी उद्याचा संकल्प. हव्यास असलेला मनुष्य थेट आढाव्याने सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. आभार आधी मानले की आढावा आपोआप सौम्य होतो.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच दोष हाती घ्यावा. संतांनी त्यासाठी वहीत रोजच्या रेघा आखून, त्या दोषात पडल्याच्या खुणा करून, आठवड्याशी आठवडा ताडून पाहायला सांगितले आहे. शून्यावर यायचे नसते. मागच्या आठवड्याहून कमी, एवढेच पाहायचे असते. सगळे दोष एकदम काढू पाहणारा एकही काढत नाही.

तिसरी गोष्ट पापनिवेदनाविषयी. ज्यांना शंकेचा त्रास आहे त्यांनी शक्यतो एकाच धर्मगुरूंकडे जावे आणि त्यांचा शब्द मानावा. स्वतः या आजारातून गेलेले, पापनिवेदक धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आल्फोन्सस लिगोरी यांचाही हाच उपदेश होता. एकदा क्षमा झालेले पाप पुन्हा उकरणे म्हणजे नम्रता नव्हे. क्षमा करणाऱ्याच्या शब्दावर तो अविश्वास ठरतो.

चौथी गोष्ट आईवडिलांसाठी. मुलांना त्यांच्या गुणांवरून आपण प्रेम करतो असे चुकूनही वाटू देऊ नका. निकालाच्या दिवशी पहिले वाक्य टक्क्यांविषयी नसावे. ज्या घरात चूक कबूल करता येते, त्याच घरात मूल खोटे बोलायला शिकत नाही. आणि घरात वडीलधाऱ्यांनी चुकल्यावर 'माझे चुकले' असे मुलांसमोर म्हटले, तर तो धर्मशिक्षणाचा सर्वांत मोठा धडा ठरतो.

पाचवी गोष्ट महत्त्वाची आहे. एखाद्याला पुन्हा पुन्हा हात धुवावे लागत असतील, दार लावले की नाही हे दहा वेळा पाहावे लागत असेल, नको ते विचार थांबतच नसतील, तर तो मनाचा आजार असू शकतो. त्यासाठी आता चांगले उपचार आहेत. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. डोळ्याला चष्मा लावताना आपण लाजत नाही. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. कोणाला तरी सांगावे, धर्मगुरूंना सांगावे, डॉक्टरांना गाठावे. मानरेसाच्या त्या खोलीत संतांच्या मनातही तोच विचार आला होता आणि ते त्यातून बाहेर आले.

बंधु-भगिनींनो, पुनरुत्थित ख्रिस्ताच्या शरीरावर खिळ्यांचे वण तसेच होते. गौरवाच्या शरीरातूनही ते पुसले गेले नाहीत, आणि संशयी थोमाला विश्वास मिळाला तो वण असलेल्या त्याच प्रभूला पाहून. देवाच्या दृष्टीने पूर्णत्व म्हणजे वण नसणे नव्हे, वणांतूनही प्रेम वाहणे. या आठवड्यात प्रत्येकाने एक काम करावे. चूक होईल म्हणून जी चांगली गोष्ट आपण पुरून ठेवली आहे, मग ते थांबलेले गाणे असो, तुटलेले बोलणे असो किंवा दूर ठेवलेले कम्युनियन असो, ती उकरून वर काढावी आणि जशी आहे तशी प्रभूच्या हाती द्यावी.

हे प्रभू, आमच्या चुका तुला ठाऊक आहेत आणि तरीही तू आम्हाला नावाने हाक मारतोस. आम्हाला निर्दोष दिसण्याच्या ओझ्यातून सोडव. पडल्यावर उठण्याचे बळ आणि पडलेल्याला उठवण्याची माया आम्हाला दे. आमच्यामध्ये तू आरंभलेले कार्य तुझ्या वेळी, तुझ्या हाताने पूर्ण कर. आमेन.